गाडीलाही नाडी असते

गेल्या खेपेला आपण पावसाळ्याआधीच्या साठवणीबद्दल बोललो. डाळींना ऊन, तांदळाला बोरिक पावडर, पापडांचे डबे वगैरे. आज मात्र स्वयंपाकघरातून उठून जरा खाली, इमारतीच्या आवारात चलायचे आहे. तिथे आपली गाडी उभी आहे ना, तिच्याबद्दल बोलू. "अगं बाई, ते तर यांचं खातं!" असे म्हणून पान उलटू नका. मीही वर्षानुवर्षे तसेच म्हणत होते. त्याची किंमत काय पडली असती, ते आधी सांगते.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो. आमचे हे सकाळी आठाच्या लोकलने चर्चगेटला जातात ते रात्री नऊला परततात. म्हणजे दिवसभर गाडी माझ्याच ताब्यात. मुलीचा क्लास, मंडई, सासूबाईंचे डॉक्टर, सगळीकडे मीच नेते. मागच्या जूनमध्ये गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌टक्‌! मग तिसऱ्या-चौथ्यांदा कधीतरी चालू व्हायची. एका गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. "स्टार्टर गेलाय वहिनी. मोठं काम आहे. साहेबांना पाठवा." साहेबांना सवड नाही, मला त्यातले काही कळत नाही, म्हणून काम राहिले.

पंधरा दिवसांनी, भर पावसात, संध्याकाळी साडेसातला सासूबाईंना धाप लागली. ओठ निळसर दिसायला लागले. शेजारच्या वहिनींच्या मदतीने त्यांना कशीबशी खाली आणून गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. टक्‌! पुन्हा टक्‌! आणि मग तेही नाही. रस्त्यावर रिक्षा नाही, हातपाय गार पडले. तेवढ्यात आमच्याच इमारतीतले एक रिक्षावाले दादा घरी परतत होते. त्यांनी बॉनेट उघडले, बॅटरीच्या टोकावर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी फडक्याने झटकली, दहा नंबरच्या पान्याने ढिला झालेला नट आवळला. "आता मारा वहिनी." गाडी लगेच सुरू झाली. वेळेवर पोचलो, सासूबाईंना ऑक्सिजन लागला, चार दिवसांनी घरी आल्या.

स्टार्टर तोच आहे बरं का, अजून चालतोय. बिघाड होता दोन मिनिटांचा. तो पाहायला एकही साहेब लागणार नव्हता. त्या रात्री मी ठरवले की आपल्याला डॉक्टर व्हायचे नाही, पण नाडी तरी पाहता आलीच पाहिजे.

आणि हे काही जगावेगळे नाही. जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारफेरी एका गृहिणीनेच केली. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली मोटारीचे पेटंट घेतले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मोटारीने माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरची वाट. इंधनाची नळी तुंबली तर तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघडी पडलेली तार मोज्याच्या बंदाने गुंडाळली, ब्रेक झिजला तर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. पेट्रोल पंप नव्हतेच, म्हणून इंधन औषधाच्या दुकानातून घेतले! आपल्याला तर पुस्तिका आहे, फोन आहे, कोपऱ्यावर पंप आहे.

बॅटरी आणि आपला खारा वारा

मीरा-भाईंदरच्या गाड्यांचे दुखणे थोडे निराळे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरे. हवाच खारी आणि दमट. घरातल्या लोखंडी खिडक्यांना जसा गंज चढतो तसाच गाडीच्या पोटाला आणि तारांच्या टोकांना चढतो. म्हणून महिन्यातून एकदा बॅटरीची दोन्ही टोके पाहावीत. भुकटी दिसली तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून, जुन्या दातांच्या ब्रशने घासावी, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा.

पण त्याआधी एक गोष्ट. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा, ओढणी किंवा पदर कमरेला घट्ट बांधा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर ठिणगी पडते आणि हात भाजतो. तार काढायची झाली तर वजा चिन्हाची, म्हणजे काळी, आधी काढायची. लावताना अधिक चिन्हाची, म्हणजे लाल, आधी लावायची. नव्या गाड्यांत बॅटरी सोडवली की घड्याळ वगैरे पुन्हा लावावे लागते, तेव्हा आधी पुस्तिका चाळावी. बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. विकत घेतल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा, जशी आपण लोणच्याच्या बरणीवर लिहितो.

लाल दिवा, पिवळा दिवा

हल्लीच्या गाड्या आपले दुखणे स्वतःच सांगतात, फक्त भाषा कळली पाहिजे. समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला तर अर्थ असा, की घाबरू नका, पण लवकर दाखवून घ्या. लाल लागला तर सुरक्षित जागा पाहून थांबा.

तेलाच्या झारीचे लाल चित्र चालत्या गाडीत लागले तर इंजिन ताबडतोब बंद. "घर जवळच आहे, एवढं जाऊ" असे करू नका. तेलाचा दाब नसताना थोडे अंतर चालवले तरी इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. उद्गारचिन्हाचा लाल दिवा ब्रेकचा. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते पाहा. असेल आणि तरीही दिवा जात नसेल तर गाडी पुढे नेऊ नका. चालताना बॅटरीचा लाल दिवा लागला तर बॅटरी चार्ज होत नाही असे समजावे. इंजिनचे पिवळे चित्र स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत मेकॅनिककडे जा. लुकलुकत असेल तर वेग कमी करून बाजूला थांबा.

घोडबंदरच्या घाटात गाडी तापली तर

काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखच्या चढावर गाड्यांची रांग लागली की कितीतरी गाड्या तापतात. काटा लाल खुणेकडे सरकला, किंवा थर्मामीटरचे लाल चित्र आले, की आधी एसी बंद करा आणि, हसू नका, हीटर पूर्ण चालू करा. इंजिनची उष्णता त्या वाटेने थोडी बाहेर पडते. जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण लगेच मुळीच उघडू नका. कुकरची वाफ जाण्याआधी झाकण काढले तर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. अर्धा-पाऊण तास थांबा, झाकण गार लागले तरच जाड फडके ठेवून हलके फिरवा. कूलंट नसेल तर स्वच्छ पाणी घालून गॅरेजपर्यंत जाता येते, मात्र पाणी का कमी झाले ते शोधून घेतलेच पाहिजे.

पाणी साचलेल्या रस्त्यावर

हा मुद्दा नीट वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईत बंद गाडीत अडकून माणसे दगावली. आपला भाग सखल, त्यात भरतीची वेळ आली की पाणी ओसरतच नाही. समोर पाण्याची खोली कळत नसेल तर गाडी मागे वळवा, कितीही उशीर होवो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतले दांडे वाकतात आणि खर्च लाखात जातो. साध्या विम्यात असे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. नूतनीकरण करताना एवढे विचारून घ्या. आणि पाणी चढत असेल तर गाडीचा मोह सोडा. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे बंद पडण्याआधी मुलांना घेऊन बाहेर पडा. गाडी दुसरी घेता येते.

रविवारची दहा मिनिटे

आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, एवढे पाहावे:

तेल: सपाट जागेवर तेलाची पट्टी काढून फडक्याने पुसा, परत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मधे हवे.

कूलंट: पांढुरक्या डब्यातली पातळी खालच्या व वरच्या रेषेच्या मधे हवी. वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे.

जमीन: गाडीखाली डाग पडलाय का? एसी चालवल्यावर साधे पाणी ठिबकते, ते ठीक. तेलकट, काळा, लालसर किंवा हिरवा डाग दिसला तर दाखवून घ्या.

टायर: हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. पंपावरच्या मुलाला आकडा आपण सांगायचा, त्याने आपल्याला नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलावा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून जुना गळ्यात मारत असतील तर इथे कळते. स्टेपनीतली हवा तपासायला विसरू नका.

वायपर: रबर कडक झाले की काचेवर रेघा उठतात. मृगाच्या आधी बदलून टाका.

उंदीर: इमारतीच्या आवारात हे मोठे संकट. तारा कुरतडतात. मुलांच्या बिस्किटांचा चुरा गाडीत राहू देऊ नका, आणि आठवड्याला बॉनेट उघडून आत नजर टाका.

ज्यांची गाडी सीएनजीवर आहे त्यांनी सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी, दाखला गाडीत ठेवावा. गाडीत पेट्रोलही थोडे असू द्यावे, कारण बऱ्याच गाड्या सुरू होताना तेच वापरतात. गॅसचा वास आला तर गाडी थांबवून इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारे उघडी ठेवा आणि दिव्याच्या बटणांना हात लावू नका. आपण घरात सिलिंडरचे जे करतो तेच.

पंक्चर झाले तर: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. मात्र हायवेच्या कडेला चाक बदलत बसू नका. चारही दिवे लुकलुकते ठेवून रस्त्यापासून दूर उभ्या राहा आणि विमा कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. भीतीचा प्रसंग वाटला तर ११२.

गॅरेजमध्ये बोलावे कसे

"गाडी बिघडलीय" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखे आहे. केव्हा बिघडते, थंड असताना की तापल्यावर, आवाज कसा, कोणता दिवा लागला, ते लिहून न्या. काम सांगण्याआधी अंदाजे खर्च कागदावर मागा. बदललेला जुना भाग परत द्यायला सांगा. घरी आणून करायचे काही नसते, पण मागितला की हिशेब सरळ होतो. एक साधी वही घाला: तारीख, किलोमीटर, केलेले काम, दिलेले पैसे. विम्याची आणि पीयूसीची तारीखही त्यातच. नव्या धाटणीच्या, बीएस चार आणि त्यापुढच्या गाड्यांना पीयूसी वर्षातून एकदा लागते.

ही वही घेऊन मी पुन्हा त्याच गॅरेजात गेले होते, मुद्दाम. ब्रेकचे पॅड पाहायचे होते. मालकांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि या खेपेला बॉनेट उघडले. "साहेब कुठे आहेत?" काही विचारले नाही.

सासूबाई आता बऱ्या आहेत. रविवारी मी खाली जायला निघाले की आतून हाक येते, "अगं, पाण्याची पातळी बघ हं, आणि त्या पांढऱ्या भुकटीकडे लक्ष असू दे!" पूर्वी त्या फक्त दूध उतू जाईल म्हणून अशी हाक मारायच्या.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी चहाचा कप हातावेगळा करून खाली उतरा आणि पहिल्यांदा फक्त बॉनेट उघडायचा खटका शोधा. पुढचे आपोआप जमेल. भेटू पुढच्या आठवड्यात.