चरबी कुणाची, हे फोटोवरून कळत नाही

रमजानचा शेवटचा अशरा आला की आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. अमुक ब्रँडच्या तुपात डुकराची चरबी सापडली, लॅबचा रिपोर्ट जोडला आहे, ईदच्या शीरखुर्म्याआधी सर्वांना कळवा. दोन वर्षांपूर्वी मीही तो पुढे पाठवला. रात्री फोटो मोठा करून पाहिला तर त्यावर ब्रँडचे नावच नव्हते. तक्ता कसला आहे तेही मला समजले नाही. तोवर मेसेज माझ्या नावाने चार ग्रुपवर गेला होता आणि ‘इंजिनिअर मुलगा सांगतोय’ म्हणून लोकांनी त्यावर विश्वास ठेवला होता. त्यानंतर मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला.

पहिली गोष्ट म्हणजे डेअरीत ‘फॅट लावतात’ त्या चाचणीतून भेसळ कळत नाही. गर्बर पद्धतीत काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड, दूध आणि थोडे अमाइल अल्कोहोल घालून ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वर आलेला स्निग्धांशाचा थर मोजतात. फॅट किती हे त्यातून समजते, कुणाचा हे समजत नाही. साय काढलेल्या दुधात पामतेल नीट घुसळून घातले तरी नळी छान आकडा दाखवते, आणि भाव त्या आकड्यावर ठरतो.

ओळख पटवायची तर स्निग्धांश वेगळा काढून तपासावा लागतो. गायी-म्हशींच्या दुधात ब्युटिरिक अ‍ॅसिड असते, ते तेलांत आणि प्राण्यांच्या चरबीत नसते. रायकर्ट-माइसल मूल्य त्यावरच आधारलेले आहे. दुसरा आकडा ४० अंश सेल्सिअसला घेतलेल्या बीआर रीडिंगचा, तुपासाठी साधारण ४० ते ४३. पण खोबरेल हे रीडिंग खाली ओढते आणि पामतेल वर नेते, त्यामुळे दोन्ही हिशेबाने मिसळली की ते बरोबर मध्ये बसते. उलट, सरकी खाणाऱ्या जनावरांचे शुद्ध तूपही या मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणून आपल्याकडच्या नियमांत कापूस पट्ट्यातील तुपासाठी वेगळे निकष ठेवावे लागले. विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

जुन्या लोकांनी एक हुशारीही केली होती. वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले. कुणी ते साजूक तुपात मिसळले तर बाउडोइन चाचणीत तिळामुळे लाल रंग उमटतो. चोराच्या खिशात आधीच घंटा बांधून ठेवावी तसे. अडचण एवढीच की थेट पामतेल वापरणाऱ्याच्या खिशात ही घंटा नसते.

आज मोठ्या प्रयोगशाळा गॅस क्रोमॅटोग्राफीने ट्रायग्लिसराइड मोजतात आणि त्या आकड्यांवरून ‘एस-व्हॅल्यू’ काढतात. शुद्ध दुधाच्या स्निग्धांशाची एकूण एस-व्हॅल्यू ९५.६८ ते १०४.३२ च्या दरम्यान यायला हवी. एकूण पाच सूत्रे आहेत. एकात सोयाबीन, सूर्यफूल, सरकी अशी तेले आणि त्यांच्याच सोबत माशाचे तेल. एकात पामतेल आणि गोवंशाची चरबी, दोन्ही एकाच रांगेत. डुकराच्या चरबीचे सूत्र वेगळे. म्हणजे पामतेल-गोवंश चरबीच्या रांगेतला आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो कशामुळे गेला हे ती रांग सांगत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला क्लासिफायर म्हणतो. तो संशय दाखवतो, आरोपी पकडत नाही. जनावराला तेल जास्त खाऊ घातले, उपाशी ठेवले किंवा चीकाचे दूध मिसळले तरी खोटा इशारा मिळू शकतो.

२०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवाच्या तुपाबाबत नेमका हाच तक्ता देशभर फिरला. तक्त्यातली नावे मथळ्यांत गेली आणि चूक निकाल येऊ शकतो ही आणंदच्या प्रयोगशाळेने त्याच अहवालात दिलेली सूचना मागे राहिली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवांना राजकारणापासून दूर ठेवा अशा अर्थाचे खडे बोल सुनावले आणि ऑक्टोबरमध्ये तपास विशेष पथकाकडे दिला. तुपात भेसळ झाली की नाही हा तपासाचा भाग होता. पण त्या दिवसांत आपल्यातल्या काही मुलांनी त्या प्रसादावर विनोद टाकले, त्याची मला आजही लाज वाटते. आपल्या ताटात हराम आल्याच्या नुसत्या शंकेने आपण रात्रभर जागतो. समोरच्याची श्रद्धाही तेवढीच दुखते.

सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी तपासून घेण्याचा हुकूम आपण जुम्म्याच्या खुतब्यात कितीदा तरी ऐकतो. आपल्या ग्रुपला तो लागू नाही का?

आता घरातली गोष्ट. पामतेल हलाल आहे. वनस्पती तूपही हलाल आहे. फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पतीजन्य स्निग्धांश असतो आणि तो वेष्टनावर छापलेला असतो, त्यात गुन्हा नाही. पण तेच पामतेल ‘असली घी’ म्हणून विकले तर? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ते धान्य हराम नव्हते. ओला भाग खाली दडवला होता, एवढ्यावर त्यांनी त्या विक्रेत्याला किती कठोर शब्दांत सुनावले ते सर्वांना ठाऊक आहे. डुकराच्या चरबीच्या अफवेवर आपण पेटून उठतो आणि ईदच्या आदल्या रात्री ओळखीच्या मिठाईवाल्याकडून ‘शुद्ध तुपातली’ म्हणून आणलेली मिठाई कशात तळली हे विचारत नाही. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून गप्प बसतो.

शंका असेल तर रस्ता आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक ठरलेली फी भरून खरेदी केलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगायचे. नमुना निकषात बसला नाही तर फी परत मिळते. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारही देता येते. बिल आणि बॅच नंबर जपून ठेवा. पुढच्या रमजानआधी आमच्या मशिदीतले पाच-सहा जण वर्गणी काढून मोहल्ल्यातल्या तीन दुकानांचे तूप असे तपासून घेणार आहोत. त्यातले एक दुकान माझ्या मामूंचे आहे. त्यांना अजून सांगितलेले नाही.