पडदा जरा सरकवा!

कुरुंदवाडात राहून गाण्याबद्दल मत नसणे म्हणजे वाडीला जाऊन बासुंदी न खाता परत येण्यासारखे आहे. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली याच गावात जन्मले. तेव्हापासून इथल्या प्रत्येकाला, सूर लागो न लागो, गाण्यावर बोलण्याचा वारसाहक्क मिळालेला आहे. तोच हक्क बजावून मी आज भांडणार आहे, आणि तेही आमच्या भागातल्या एका उत्सव-समितीशी.

झाले असे, की माझ्या भाच्याने गणेशोत्सवात यमन वाजवण्यासाठी अर्ज दिला. 'वाद्य' या रकान्यात त्याने खरे ते लिहिले : गिटार. कारकुनाचा भाचा असून रकान्यात खरे लिहायचे नसते एवढेही त्याला कळू नये! अर्ज परत आला. मी अध्यक्षांना गाठले.

"अहो, परदेशी वाद्य ते. त्यात आपल्या श्रुती निघत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही बँकेतली माणसं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

हे मात्र मला लागले. कारण श्रुतींचा प्रश्न मुळात हिशोब न जुळण्याचा आहे, आणि न जुळणाऱ्या हिशोबांत माझी वीस वर्षे गेली आहेत. आता बघा. षड्जापासून पंचमा-पंचमाने बारा पायऱ्या चढलात, की सात सप्तके ओलांडून पुन्हा षड्जावर यायला हवे. येत नाही. एका सप्तकाचे १२०० भाग केले (त्यांना सेंट म्हणतात), तर सुमारे २४ सेंट जास्त भरतात. आमच्याकडे रोकड जास्त भरली तर ती सस्पेन्स खात्यात टाकतात. युरोपियनांनी हा फरक बाराही पंचमांवर सारखा वाटून टाकला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन सेंटांची कपात. पंचमाला ती जाणवतही नाही. गांधाराचे मात्र वाटोळे होते. तानपुरा नीट जुळला की त्यातून आपोआप उमटणारा गांधार ३८६ सेंटांवर, आणि गिटारीच्या पक्क्या पडद्यावरचा ४०० वर! त्यातून यमनाचा वादी स्वरच गांधार. म्हणजे नवरदेवाचाच फेटा तिरका.

तेव्हा अध्यक्षांचे म्हणणे पक्क्या पडद्यांपुरते खरे आहे. पण भाच्याला हे त्यांच्या आधी कळले होते. आपली मिरज जवळच आहे. तिथल्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, राग बदलला की सरकवता येतात. ते पाहून आल्यावर पठ्ठ्याने नायलॉन तारांच्या गिटारीचे धातूचे पडदे उपटले, खाचा बुजवल्या आणि मासे धरायच्या दोरीचे पडदे दांडीभोवती बांधले. (त्याच्या आईला आधी वाटले, गिटार मोडली. मलाही वाटले.) यात अघटित काही नाही. युरोपातल्या जुन्या ल्यूटचे पडदेही आतड्याच्या तातीचे, बांधलेले आणि सरकणारेच होते.

अडचण एकच. पडदा सहाही तारांखालून आडवा जातो. एका तारेचा गांधार सुधारावा, तर शेजारणीचा स्वर बिघडतो. तुर्कस्तानातल्या तोल्गाहान चोउलू या वादकाने २००८ साली प्रत्येक तारेखाली वेगळा सरकता पडदा बसवून यावर इलाज केला. भाच्याकडे तेवढे पैसे नाहीत. तो दोन तारांवर यमन भागवतो.

एवढे सगळे ऐकून अध्यक्ष म्हणाले, "मग मांडीवर आडवी घेऊन वाजवू दे की. तशी चालते."

चालेलच! ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ती तशी वाजवली. विश्वमोहन भट्टांनी तिला तरफा जोडून मोहनवीणा म्हटले आणि १९९४ साली ग्रॅमी आणले. तारेवर कांब घसरली की पडद्याचा संबंधच उरत नाही. बावीस काय, बावीसशे श्रुती काढा. दोघेही थोर. पण मग आक्षेप वाद्याच्या जन्मगावाला नव्हताच, बसण्याच्या पद्धतीला होता तर!

आणि श्रुतींच्या गोष्टी कुणी सांगाव्यात? ज्यांच्या व्यासपीठावर साथीला पेटी असते त्यांनी? तीही युरोपातूनच आली, आणि तिची पट्टी रागासाठी केसभर हलत नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांच्या आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या खटपटीतून विलायतेत श्रुतींची पेटीसुद्धा तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती जाणकारांना पटली नाही. पुढे १९४० साली रेडिओने पेटीलाच बंदी केली. ती १९७१ च्या सुमारास थोडी सैल झाली. एवढा सासुरवास भोगलेली ही सून आता सासू होऊन गिटारीचा अर्ज फेटाळते आहे!

मी समितीला लेखी कळवले आहे : पेटी आणि गिटार तानपुऱ्याशेजारी ठेवा, दोघींचा गांधार ऐका, जिचा जुळेल तिला बसवा. पत्राची स्थळप्रत माझ्याजवळ आहे. पोच अजून मिळालेली नाही.

परवा संध्याकाळी भाचा ओट्यावर वाजवत होता. अध्यक्ष घाटाकडे निघाले होते, ते थांबले. बराच वेळ नुसते ऐकत राहिले, मग म्हणाले, "गांधार जरा चढलाय रे."

वाजवून वाजवून दोरी सरकली होती. भाच्याने पडदा केसभर मागे घेतला आणि पुन्हा गांधार लावला. अध्यक्ष काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी त्यांचे घाटावर जायचे राहिले.