टोचण्यापूर्वीचे प्रश्न

लस टोचून घेण्यासाठी तुम्ही आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात, तर सुई दंडात जाण्यापूर्वी डॉक्टर काही प्रश्न विचारतात. निदान त्यांनी ते विचारावेत अशी अपेक्षा आहे. पूर्वी कधी टोचल्यावर अंगावर पुरळ उठले होते काय? फेफरे येते काय? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? प्रश्न साधेच आहेत. पण ते कोठे आणि कोणाच्या देखत विचारले जातात, याचा लसीशी फार जवळचा संबंध आहे, आणि आपल्याकडे त्याचा विचार जवळजवळ होतच नाही, असे माझे मत आहे.

तालुक्याच्या गावातला एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून दोन बाके. बाकांवर शेजारच्या काकू, किराणा दुकानदार, तुमच्या वर्गशिक्षकांच्या सासूबाई. कोपऱ्यातल्या टेबलाशी कंपाउंडर केसपेपर लिहीत बसलेले. मधे प्लायवूडचा माणूसभर उंचीचा आडोसा आणि त्यापलीकडे डॉक्टर. तुम्ही आत पाऊल टाकताच कंपाउंडर विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर ऐकायला सगळे बाक कान टवकारून तयार! यात कंपाउंडरचा काही दुष्ट हेतू नसतो. त्यांना केसपेपर लिहायचा असतो, आणि वर्षानुवर्षे तो असाच लिहिला जात आलेला आहे.

आता या प्रश्नांचे महत्त्व काय ते पाहू. लसींचे ढोबळपणे दोन गट पाडता येतात. एका गटात रोगजंतू जिवंत पण दुबळे केलेले असतात. क्षयाविरुद्धची बीसीजी, गोवराची लस, कांजिण्यांची लस ही याची उदाहरणे. दुसऱ्या गटात मारलेले जंतू, त्यांचे तुकडे किंवा त्यांचे निर्विष केलेले विष असते. धनुर्वाताची, 'ब' काविळीची आणि रेबीजची लस या गटात मोडतात. निरोगी शरीर पहिल्या गटातील दुबळ्या जंतूंचा सहज बंदोबस्त करते आणि त्या सरावातून शहाणे होते. परंतु ज्याची प्रतिकारशक्तीच खचलेली आहे, त्याला तो दुबळा जंतूही भारी पडू शकतो. कर्करोगावर उपचार चालू असलेला रुग्ण, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणारा रुग्ण, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती बरीच घटलेला रुग्ण, यांना जिवंत लस द्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारपूर्वक ठरवावे लागते. गरोदर स्त्रीला रुबेलाची जिवंत लस देत नाहीत. म्हणजे ज्या प्रश्नांची खरी उत्तरे अत्यावश्यक आहेत, नेमके तेच प्रश्न चारचौघांत उत्तर देण्याजोगे नसतात. फेफरे येणाऱ्या मुलीची आई, लग्नाच्या बाजारात मुलीचे काय होईल या धास्तीने, भरल्या बाकासमोर "नाही हो, तसलं काही नाही" असेच म्हणणार. तिला दोष देणे मला तरी जमणार नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात बजावतो की, मोजण्याच्या क्रियेनेच मोजमाप बिघडते आहे का ते तपासा. कपभर चहात थंडगार, जाडजूड तापमापी बुडवली तर चहाच थोडा निवतो आणि वाचन खोटे येते. दवाखान्यातला प्रश्नही एक मोजमापच आहे. तो मोठ्याने विचारला की उत्तर बदलते. मग त्या उत्तरावर आधारलेला निर्णय, डॉक्टर कितीही निष्णात असोत, चुकीचा ठरण्याचा संभव राहतो.

हे प्रौढांचे झाले. तुमच्या वयाचे उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगा कैऱ्या पाडायला कोणाच्या तरी कुंपणावरून आत उतरला आणि तिथला कुत्रा त्याच्या पोटरीला चावला. घाबरतघाबरत तो दवाखान्यात जातो, तर बाकावर त्याच बागेचे मालक बसलेले! कंपाउंडर विचारतात, "काय लागलं रे?" मुलगा म्हणतो, "खिळा लागला." खिळा म्हटल्यावर धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते, जखमेला पट्टी बांधली जाते, आणि मुलगा सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो. धनुर्वाताचे इंजेक्शन रेबीजला काडीचाही अटकाव करीत नाही. रेबीजची लक्षणे साधारणपणे एक ते तीन महिन्यांनी दिसू लागतात आणि एकदा ती दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वास्तविक जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली, लसीचा क्रम वेळेवर पुरा केला, आणि जखमेतून रक्त आले असल्यास रेबीजविरोधी तयार प्रतिद्रव्येही जखमेत सोडली, तर हा रोग टळतो. त्या मुलाच्या आणि मृत्यूच्या मधे फक्त एक खरे वाक्य होते, आणि ते बोलण्यासाठी त्याला बंद दाराची गरज होती.

येथे तुम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुत्रा चावल्याचे डॉक्टर तुमच्या आईवडिलांपासून लपवून ठेवणार नाहीत, आणि त्यांनी ठेवूही नये. अज्ञान मुलावर उपचार करायचे तर पालकांची संमती लागते, आणि रेबीजच्या लसीसाठी ठरावीक दिवशी पुनःपुन्हा यावे लागते. मात्र बागेच्या मालकांना, वर्गातल्या मुलांना किंवा बाकावरच्या मंडळींना ते कळण्याचे काही कारण नाही. गुप्तता म्हणजे कोणालाच न सांगणे, असा पुष्कळांचा समज असतो. खरा अर्थ असा की, ज्याला उपचारासाठी कळणे आवश्यक आहे त्यालाच, आणि आवश्यक तेवढेच कळावे.

या ठिकाणी लसीच्या कुपीचे उदाहरण मोठे मजेदार आहे. लस सामान्यतः २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. वाटेत ती तापली की नाही हे कसे कळावे? सरकारी लसीकरणातील पुष्कळ कुप्यांवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. सुरुवातीला चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असतो. कुपीला जसजशी उष्णता लागत जाईल तसतसा तो गडद होत जातो आणि पुन्हा कधीही फिकट होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. १९९६ सालापासून तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या लसीवर ही खूण आली. (कुपी चुकून गोठली असेल तर मात्र या खुणेला त्याचा पत्ता लागत नाही, तुम्ही कारण शोधून पाहा.) कुपीला काय काय सोसावे लागले ते असे तिच्या अंगावरच उघड लिहिलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण माणसाच्या कपाळावर असा चौकोन नाही. त्याचा इतिहास त्याच्या तोंडूनच ऐकावा लागतो, आणि तो सांगावा की नाही हे त्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

डॉक्टरी पेशाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन शपथेतही रुग्णाविषयी कळलेले बाहेर न बोलण्याचे बंधन आहे. भारतात डॉक्टरांच्या वर्तनासंबंधीची २००२ सालची नियमावली तेच सांगते आणि अपवादही नमूद करते. न्यायालयाने विचारले तर, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि रोग सरकारला कळवण्याजोगा ठरवलेला असेल तर डॉक्टरांना बोलावे लागते. क्षयरोग २०१२ साली अशा रोगांत आला. पण डॉक्टरांनी क्षयरोग्याची माहिती कळवायची ती आरोग्य खात्याला. गल्लीत त्याचा बोभाटा करण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

"अहो, पण साथ आली असताना कसली गुप्तता?" असे विचारणारे भेटतात. त्यांना मी १८९७ सालच्या पुण्याची आठवण देतो. प्लेगच्या साथीत रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर घुसून रोगी शोधले, त्यांना प्लेगच्या इस्पितळात नेले, आप्तांना छावणीत हलवले. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले. शोधण्याच्या पद्धतीनेच शोधायची वस्तू नाहीशी होऊ लागली. त्याच वर्षीच्या जानेवारीत हाफकिन याने मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली आणि नंतर स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांना दिली. या दोन पद्धतींतील फरक इतिहासाच्या तासाला जरूर चर्चेला घ्यावा.

शिवाय साथीचा अभ्यास करणाऱ्याला बहुतेक वेळा नावे लागतच नाहीत. हवेचे तापमान सांगायला एकेका रेणूचा वेग ठाऊक असावा लागत नाही, सरासरी पुरते. गोवराची साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा कोणत्या वस्तीत किती टक्के मुले राहून गेली, हा आकडा मोलाचा होता. राहून गेलेल्या मुलाच्या घरी जायला आरोग्य सेविकेला नाव लागते हे खरे. पण ते तिच्या वहीत असावे, नाक्यावरच्या फळ्यावर नव्हे. एका घराचे नाव नाक्यावर झाले, की शेजारची चार दारे तिच्यासाठी उघडत नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे थोडे तुमच्याशी बोलायचे आहे. लस न घेतलेल्या मुलांची यादी वर्गात वाचून दाखवणे किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा प्रकार शाळांतून सर्रास चालतो. हेतू चांगला असतो. पण एखाद्या मुलाला डॉक्टरांनीच आजारपणामुळे थांबायला सांगितलेले असते. यादीत नाव आले की "तुला काय झालंय रे?" हा प्रश्न तीस तोंडांतून येतो, आणि जे आईवडिलांनी डॉक्टरांपाशी विश्वासाने सांगितले ते मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेला ठाऊक होते.

मग उपाय काय? दवाखान्याला वेगळी इमारत हवी असे मी म्हणत नाही. आधी पदार्थविज्ञानाची मदत घ्या. डॉक्टरांच्या आडोशामुळे रुग्ण दिसत नाही, पण ऐकू येतो, असे का? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. म्हणून पडदा त्याला चोख अडवतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा ३४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी एक मीटर होते. एवढी मोठी लाट आडोशाच्या वरून आणि दाराच्या फटीतून आरामात वळून बाहेर येते. कापडी पडदा तर बोलण्यातले शब्द अडवण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगीच. अंतर मात्र उपयोगी पडते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते. तीन फुटांवरचे बाक बारा फुटांवर नेले तर ती सोळाव्या हिश्शावर येईल. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने इतका फायदा मिळत नाही, तरी पुष्कळ मिळतो. बाहेरच्या खोलीत पंखा किंवा रेडिओ चालू असेल तर त्या आवाजात उरलेले शब्द बुडून जातात. बाक सरकवायला पैसे पडत नाहीत.

दुसरा उपाय कागदाचा. टोचण्यापूर्वीचे आठदहा प्रश्न छापलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि 'हो' किंवा 'नाही' पुढे खूण करायला सांगावे. सर्वांनाच चिठ्ठी दिल्यामुळे कोण काय लिहितो याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जे वाचू शकत नाहीत त्यांना डॉक्टरांनी आत घेऊन विचारावे.

शाळेतल्या शिबिरात हे आणखी सोपे आहे. सबंध वर्गाची रांग टेबलाला चिकटून उभी करण्याऐवजी टेबल सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे आणि एकेकाला बोलवावे. टोचल्यावर चक्कर येणे हा प्रकार किशोरवयात बराच आढळतो. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला घटकाभर रक्त कमी पडते. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. ज्याला पूर्वी अशी चक्कर आली आहे त्याने ते आधी सांगितले तर त्याला आडवे निजवून टोचता येते. पण मागे उभी असलेली मित्रमंडळी ऐकत असतील तर सातवीआठवीतला कोणता मुलगा ते सांगेल? म्हणून हाही प्रश्न चिठ्ठीवर असावा, टोचल्यावर सर्वांनीच पंधरा मिनिटे बसून राहावे, आणि शिबिर आटोपल्यावर त्या चिठ्ठ्या डॉक्टरांनी आपल्याबरोबर न्याव्यात. वर्गशिक्षकांच्या खणात त्या पडून राहू नयेत.

तुमच्या गावच्या दवाखान्यात यांपैकी काहीच नसेल, तर कंपाउंडरना एवढेच सांगा, "मला डॉक्टरांशी आत बोलायचं आहे." कारण सांगण्याची गरज नाही.