नरक्या कोणाचा?

सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत, एक लहानसा वृक्ष वाढतो. त्याला उग्र दुर्गंधी आहे. म्हणून कोणी त्याला ‘नरक्या’ म्हणतात, तर कोणी ‘अमृता’. एकाच झाडाला नरक आणि अमृत या दोन टोकांची नावे लाभावीत, यात त्याच्या वाट्याला आलेल्या अर्थकारणाचे सारे सार आहे.

1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. यातील वाणी मूळचे नंदुरबारचे. पेशींचे विभाजन होताना डीएनएची गुंतागुंत सोडविणाऱ्या एका विकराला हे द्रव्य अडवून धरते, आणि झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशी मरतात. 1972 साली हेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. त्याच्यापासून तयार केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अंडाशयाच्या, फुफ्फुसाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आज जगभर वापरली जातात.

तेव्हापासून नरक्याचे दुर्दैव सुरू झाले. हे द्रव्य पानांत थोडे आणि मुळांत व सालीत अधिक असते. म्हणजे व्यापाऱ्याला हवे ते मिळण्यासाठी झाडाला मरावे लागते. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या डोंगरांतून नरक्याची चोरटी तोड होत असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. पकडला जातो तो बहुधा मोळी वाहणारा. ती मोळी पुढे कोणत्या गोदामात, कोणत्या कारखान्यात जाणार होती, हा प्रश्न तपासात सहसा विचारला जात नाही.

हानी केवळ झाडांच्या संख्येची नाही. नरक्याच्या सर्व झाडांत हे द्रव्य सारखे नसते; प्रदेशाप्रदेशांत, झाडाझाडांत मोठी तफावत आढळते. या तफावतीतला काही भाग माती-हवेचा, काही अनुवंशाचा. तोडणारा जुनी, जाड खोडाची झाडे आधी निवडतो. म्हणजे बी धरणारी झाडेच आधी जातात. उरलेली झाडे दूरदूर विखुरली की त्यांच्यातील परागांची देवाणघेवाण घटते, आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेली जनुकीय विविधता आटत जाते. उद्या उत्तम वाणाची लागवड करावयाची म्हटले, तरी तो वाण ज्यातून निवडावा तो साठाच उरणार नाही.

‘मग लागवड करा’ हा उपाय तत्परतेने सुचविला जातो. लागवड हवीच, परंतु दोन-चार अधिक द्रव्य देणाऱ्या झाडांच्या कलमांनी शेते भरली, तर रानातली विविधता राखली जात नाही. शिवाय 2023 च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यातील लाभवाटणीच्या बंधनातून लागवडीच्या औषधी वनस्पतींना मोठी सूट मिळाली आहे. त्याच दुरुस्तीने या कायद्याखालील तुरुंगवास काढून केवळ आर्थिक दंड ठेवला. वनोपजाची मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्यासाठी मात्र 1927 च्या वन अधिनियमातील तुरुंगवासाची तरतूद कायम आहे. कायदा कोणाकडे सौम्य नजरेने पाहतो हे सांगावयास दुसरा पुरावा नको.

कर्करोग्याला औषध मिळू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. ते गरीब रोग्यालाही परवडावे, हाच समाजवाद्यांचा आग्रह आहे. प्रश्न एवढाच की, औषधाचा कच्चा माल ज्या रानातून येतो, ते रान राखणाऱ्यांचा त्यावर अधिकार आहे की नाही? आज त्यांना मजूर किंवा चोर, या दोनच भूमिका उपलब्ध आहेत.

वास्तविक 2006 च्या वनहक्क कायद्याने तिसरी भूमिका दिलेली आहे. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती येतात आणि रानाची जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2009 साली सामूहिक हक्क मिळवून ही तरतूद कागदावरून रानात आणली. सह्याद्रीत अडचण निराळी आहे. येथील धनगरवाड्यांसारख्या बिगर-आदिवासी वस्त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. आणि ज्यांच्या घराला सातबारा नाही त्यांनी पुरावा कोठून आणावा?

कार्यकर्त्यांचे काम येथेच सुरू होते. जुन्या नोंदी शोधणे, वृद्धांच्या जबान्या लिहून घेणे, दावे दाखल करणे. गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत नरक्याची झाडे, त्यांची जागा आणि रोपांची संख्या उतरविणे. तोड किती व कोणत्या भागाची व्हावी हे ग्रामसभेत ठरविणे. हे काम मोर्चासारखे डोळ्यांत भरणारे नाही. पण ज्या गावाचा रानावर हक्क सिद्ध झाला आहे, त्या गावाला नरक्या तोडणाऱ्याचा हात धरता येतो. ज्या गावाला हक्कच नाही, त्याने रात्री कुऱ्हाडीचा आवाज ऐकावा आणि कूस बदलून झोपावे, अशीच व्यवस्थेची अपेक्षा असते. ती मोडल्यावाचून नरक्या वाचणार नाही.