मिठाचा डबा कुणी हलवला?

म्हातारपणाच्या खुणा पूर्वी ठरलेल्या असत. केस पिकणं, दात पडणं, जिना चढताना मधेच थांबून भिंतीच्या रंगाची चौकशी करणं, वगैरे. हल्ली त्यात एकीची भर पडली आहे. कुणीतरी आपल्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतो आणि म्हणतो, "द्या इकडे काका, मी करून देतो." समजावं, की आपण म्हातारे झालो!

या 'द्या इकडे'मागे एक सिद्धान्त आहे: साठीनंतर माणसाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. हा सिद्धान्त मला साफ नामंजूर आहे.

अहो, आमच्या पिढीइतकं शिकलंय कोण? नोकरीसाठी मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली. बोटांना टाइपरायटरची सवय लागते न लागते तोच संगणक आला, आणि त्याच्याबरोबर इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिकलो. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली. पोरासोरांच्या शेजारी बसून, चाळिशी नाकावर सांभाळत तीही पास झालो. मग कळलं, की एका फाँटमध्ये लिहिलेलं 'मा. महोदय' दुसऱ्या संगणकावर उघडलं की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून फिरल्यासारखं दिसतं. त्यावर युनिकोडचा उतारा आला. तोही शिकलो. एवढं शिकून आम्ही मागासलेले, आणि जन्मात एकच मोबाइल पाहिलेला नातू पुढारलेला!

खरी गोष्ट अशी, की आम्ही मागे पडत नाही. रस्ताच रोज उचलून दुसरीकडे ठेवतात. ते 'स्टार्ट'चं बटणच घ्या. १९९५ साली विंडोजनं ते पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणून ठेवलं. साऱ्या जगानं तो कोपरा पाठ केला. २०१२ साली बटण गायब! लोकांनी बोंब मारली, तेव्हा २०१३ साली ते परत आलं. आणि २०२१ साली कोपरा सोडून मधोमध येऊन बसलं, लग्नात उशिरा येऊन पहिल्या पंगतीला बसणाऱ्या पाहुण्यासारखं. मधल्या काळात, २००७च्या वर्डमध्ये, वर्षानुवर्षं ओळखीच्या झालेल्या मेन्यूंच्या जागी भलतीच पट्टी आली होती ती निराळीच.

आता मला सांगा, घरातला मिठाचा डबा एके दिवशी कुणी फळीवरून माळ्यावर ठेवला, तर कुठलीही बाई "अगं बाई, मी मागे पडले" म्हणून रडत बसेल का? ती खणखणीत आवाजात विचारेल, "डबा कुणी हलवला?" माझंही एवढंच विचारणं आहे. फरक इतकाच, की तिच्या प्रश्नाला घर थरथरतं आणि माझ्या प्रश्नाला उत्तर येतं, "आजोबा, सोप्पंय हो!"

इथवर हसण्यावारी नेता येईल. पण आता बँकेतल्या खिडकीचं बघा. पेन्शनरानं दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. २०१४ साली तो बोटाच्या ठशावर घरबसल्या देण्याची सोय झाली. सोय उत्तम, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर वरदानच. पण जन्मभर राबून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही भागतं. तिथं डोळ्यांची उघडझाप करून जिवंतपणा सिद्ध करायचा. मोतीबिंदू झालेल्यानं हे अवश्य करून पाहावं. कागदी दाखला आजही चालतो. पण तो घेऊन गेलो, की काउंटरवरचा तरुण मान वर न करता म्हणतो, "काका, ॲपवर करा ना!"

बँका एका तोंडानं बजावतात, पिन आणि ओटीपी पोटच्या पोरालाही सांगू नका. आणि दुसऱ्या तोंडानं अशी तऱ्हा करतात, की पोटच्या पोराला, नाहीतर शेजारच्याला, नाहीतर कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराला सांगितल्याशिवाय आपलेच पैसे आपल्याला दिसू नयेत. ज्या माणसानं आयुष्यभर बायकोलासुद्धा पगाराचा नक्की आकडा कळू दिला नाही, त्यानं आता पासवर्ड मोठ्यानं सांगायचा, तोही दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत! यात अडाणी कोण? आणि याच माणसाला कुणी फोनवरून फसवलं, तर पुन्हा तोच म्हणे बेसावध!

रिझर्व्ह बँकेला हे समजलेलं आहे. ज्येष्ठांसाठी वेगळा किंवा अग्रक्रमाचा काउंटर ठेवा, सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं तिनं २०१७ सालीच बँकांना बजावलं. म्हणून माझं म्हणणं असं, की आम्हांला 'संगणकसाक्षर' करण्यासाठी शिबिरं, चहा-बिस्किटं आणि समूहगीतं जरूर ठेवा. पण त्याआधी ती खिडकी उघडा, आणि खिडकीत असा माणूस बसवा ज्याला मान वर करता येते. ही भीक नव्हे. पैसे आमचे आहेत.

आणि 'सोप्पंय' म्हणणाऱ्या नातवंडांनो, तुमचाही डबा हलणार आहे बरं का! तेव्हा विचारायला निदान एक खिडकी शिल्लक असावी, म्हणून हा आजोबा भांडतोय.