राजीची गोष्ट पडद्यावर यावी का?

यंदा स्नेहसंमेलनासाठी नाटुकली निवडण्याची बैठक झाली, तेव्हा नववीच्या मुलांनी आमच्यापुढे एक नवाच विषय ठेवला. शिवाजी महाराज नाहीत, हुंडाबळी नाही, झाडे लावा झाडे जगवाही नाही. त्यांना ‘राजी’ करायचे होते. हे एखाद्या पुस्तकातले पात्र असावे असे आम्हांला वाटले. विचारपूस केल्यावर कळले की हा व्हिडिओ गेम आहे. झाले, शिक्षकांच्या खोलीत लगेच दोन तट पडले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “सर, पोरांच्या हातातला गेम सोडवता सोडवता आपण थकलो, आणि आता तोच स्टेजवर आणायचा?” तरुण शिक्षकांचे म्हणणे असे की जगभर गेमवरून सिनेमे निघत आहेत, तेव्हा आपणच का नाके मुरडायची? नाटुकल्यावरून सुरू झालेला वाद सिनेमावर कधी गेला ते कोणालाच कळले नाही. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, कारण आम्हांला या विषयातले काही ठाऊक नव्हते. नंतर माहिती मिळवली. एका विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाच्या संगणकावर तो खेळ तासभर पाहिलाही. म्हणून आता लिहीत आहोत.

हा खेळ परदेशातला नाही, आपल्या पुण्याचा आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाच्या पुण्यातील एका छोट्या कंपनीने तो तयार केला. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ती मंडळी चिकाटीने काम करीत राहिली आणि २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या नावाने खेळ बाजारात आला. गोष्ट साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गामाता तिला त्रिशूळ देते आणि ही मुलगी महाबलासुराच्या मागावर निघते. दुर्गा आणि विष्णू वरून पाहत आपापसांत तिच्याविषयी बोलत असतात. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, भिंतींवर पुराणातील चित्रे, आणि मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने रंगवलेले. आम्ही पाहायला बसलो ते तक्रार करण्याच्या तयारीने. उठलो तेव्हा तक्रार शिल्लक होती, पण ती थोडी वेगळी होती. ती पुढे सांगू.

आधी जगातील अनुभव पाहू, कारण तो फारसा आशादायक नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आमच्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. १९९० च्या दशकात एखाद्या कार्यालयात वा शाळेत संगणक आला की त्यात हा खेळ हमखास असे. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ साली केला. राजपुत्राची धाव आणि उडी खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून राजपुत्र रेखाटला. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे, बस. त्या साठ मिनिटांत जी धाकधूक होती, ती २०१० साली आलेल्या मोठ्या खर्चाच्या चित्रपटात आम्हांला कुठेच सापडली नाही. कारण उघड आहे. खेळात खड्ड्यात पडायचे ते आपण, चित्रपटात पडतो तो दुसरा कोणी. ‘सुपर मारिओ’वर १९९३ साली माणसे घेऊन काढलेला चित्रपट साफ कोसळला. त्याच मारिओवर २०२३ साली कार्टून चित्रपट आला आणि त्याने जगभरात अब्जावधी रुपये मिळवले. २०१६ साली ‘वॉरक्राफ्ट’ आला, तो चीनमध्ये धो धो चालला आणि खुद्द अमेरिकेत पडला. म्हणजे खेळाचा सिनेमा होतच नाही असे म्हणता येत नाही, आणि होतोच असेही नाही.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे या ठिकाणी आम्हांला ‘चंद्रकांता’ आठवल्याशिवाय राहत नाही. देवकीनंदन खत्री यांची ही कादंबरी १८८८ सालची. ती वाचण्यासाठी अनेकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली असे हिंदीचे प्राध्यापक अभिमानाने सांगत. त्यातले ‘तिलिस्म’ म्हणजे काय? यंत्रे, गुप्त दारे, भुयारे, पुतळे आणि सापळे यांनी भरलेली जागा. एक कोडे सुटले की पुढचे दार उघडते, शेवटी खजिना. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती लगेच म्हणतील, हा तर गेमच! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोक कागदावर गेम खेळत होते, एवढेच. पुढे १९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका आली. मूळ कादंबरी वाचलेले आम्ही वर्गमित्र दर रविवारी चिडायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा टीव्हीसमोर बसायचो. कथा कुठल्या कुठे नेली होती. लोकांच्या लक्षात राहिला तो क्रूरसिंह, त्याच्या भुवया आणि त्याचे ‘यक्कू’. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या मालिकेमुळे आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी कादंबरी विकत आणली. बिघडलेले रूपांतरसुद्धा मूळ वस्तूकडे नेणारी वाट असू शकते, हे आम्ही तेव्हा पाहिले आहे.

आणि अद्भुत गोष्टी पडद्यावर आणण्याचे आपल्याला वावडे असण्याचे कारणच काय? आपला सिनेमाच तेथून सुरू झाला. येथून फार दूर नसलेल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, ‘लंकादहन’ १९१७ चा, ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. संगणक सोडाच, आवाजही नव्हता. कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण म्हणून त्यांनी आपल्याच चिमुरड्या मुलीला, मंदाकिनीला उभे केले. बाळकृष्ण मुलीने करावा, याला शंभर वर्षांपूर्वी हरकत नव्हती.

येथे आमची तक्रार येते. ‘राजी’चा चित्रपट कोणी काढलाच, तर पहिली भीती हीच की राजी मोठी केली जाईल. कसरत करणाऱ्या पोरीची पंचविशीतली नायिका होईल, तिला एक प्रियकर मिळेल, दोन गाणी होतील आणि गोलू बिचारा मध्यंतरापर्यंत विसरला जाईल. खेळातही मारामारी जरा जास्तच आहे आणि शेवट घाईने गुंडाळल्यासारखा वाटतो. चित्रपटाने नेमके तेथेच काम करावे. कैदेत असलेला गोलू काय करतो, काय खातो, बहीण येईल यावर त्याचा विश्वास किती दिवस टिकतो, हे खेळाला दाखवता येत नाही, कारण खेळणाऱ्याच्या हातात राजी असते. सिनेमाला ते सहज जमेल. छायाबाहुल्यांसाठी परदेशी तंत्रज्ञ आणण्याचीही गरज नाही. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांची आणि चित्रकथीची कला आजवर जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पडद्यासमोरचा वेळ आणखी वाढेल. त्यांची काळजी खोटी नाही. पहिल्या तासाला पेंगणारी मुले आम्हीही रोज पाहतो. पण एक गोष्ट त्यांनी ध्यानात घ्यावी. ‘राजी’ खेळायला चांगला संगणक किंवा महागडे यंत्र लागते. आमच्या शाळेत येणाऱ्या पाड्यांवरच्या किती मुलांच्या घरी ते आहे? ज्याच्याकडे आहे तो खेळतो, बाकीचे त्याच्या पाठीमागे उभे राहून पाहतात. सिनेमा मात्र शाळेच्या पटांगणात चादर बांधूनही दाखवता येतो, आणि मग पाठीमागे कोणीच उभे राहत नाही. तसेच खेळ एकट्याचा असतो, सिनेमा आजीसोबत बसून पाहता येतो. आम्ही चित्रपटाच्या बाजूने आहोत ते मुख्यतः या कारणाने.

आणखी एक विचार मनात आला, तो थोडा अस्वस्थ करणारा आहे. आपल्या दादरा नगर हवेलीत भवाडा होतो. जव्हार-मोखाड्याकडे त्यालाच बोहाडा म्हणतात. सनई-संबळाच्या ठेक्यावर देव आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात. हेही अद्भुतच आहे. उद्या एखाद्या कंपनीने हे मुखवटे उचलून गेम केला आणि त्याचा सिनेमा झाला, तर मुखवटे करणाऱ्या कोकणा-वारली घरांना काय मिळेल? वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१४ साली. तोवर ती चित्रे चादरींपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे पोहोचली होती. राजीवर सिनेमा निघाला तर पुण्याच्या त्या मंडळींचा हक्क कागदावर असेल. भवाड्याचा कागद कोणाकडे आहे?

तर, नववीला आम्ही परवानगी दिली आहे. दोन अटी घातल्या. पहिली, तलवारबाजी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. दुसरी, महाबलासुराचा मुखवटा बाजारातून आणायचा नाही, वर्गातील ज्या दोन मुलांच्या घरी भवाड्याचे मुखवटे होतात त्यांच्या आजोबांना विचारून स्वतः करायचा. आजोबा शाळेत यायला तयार झाले आहेत. मात्र मुलांनी त्यांना गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी उलट विचारले, “तो राक्षस पोराला नेतो कशाला? त्याला काय हवंय?” मुलांना उत्तर देता आले नाही. गेममध्ये ते नीट सांगितलेलेच नाही म्हणाली. सध्या नववीचा वर्ग मधल्या सुट्टीत तेच लिहीत बसला आहे.