तळपायाची आग

एका विडी कामगार मावशींकडे परवा गेलो होतो. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, पण हात थांबलेले. सून काशाच्या वाटीने त्यांच्या तळपायांना तूप चोळत होती. उष्णता झालीय, असं घराचं मत. दिवसभर मांडी घालून बसल्यावर मुंग्या येणारच, हे शेजारणीचं. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन मावशींना तिसरा महिना लागला होता. या आगीपायी दोन दिवस त्यांनी त्या बंदच ठेवल्या होत्या. गोळ्यांचा आणि आगीचा संबंध असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

संबंध जुना आहे. या गोळ्यांतलं आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली क्षयावर वापरात आलं आणि थोड्याच वर्षांत दिसलं, की काहींच्या नसा त्याने दुखावतात. हे औषध शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व धरून लघवीवाटे बाहेर काढतं. ते कोणाला किती बाधेल, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेलं असतं. यकृतातलं एक विकर या औषधाचा निचरा करतं. त्याचा ‘नॅट-२’ जनुक कोणात झपाट्याने काम करतो, कोणात संथ. संथवाल्यांच्या रक्तात औषध रेंगाळतं. मद्रासला १९५६ साली क्षय उपचारांच्या अभ्यासाचं केंद्र निघालं. तिथल्या रुग्णांत असे संथ निचऱ्याचे सुमारे ६० टक्के निघाले. जपानमध्ये ते १० टक्क्यांच्या आसपास असतात.

मग कोण संथ हे शोधायला जनुकाची चाचणी कशाला हवी? निम्म्याहून अधिक लोक संथ असतील तर ब-६ ची रोजची १० मिलिग्रॅमची गोळी सगळ्यांनाच द्यावी. ती स्वस्त आहे आणि बहुतेकांच्या नसा वाचवते. सध्याचा भर जोखमीच्या यादीवर असतो: मधुमेही, गरोदर, दारू पिणारे, एचआयव्हीबाधित, कुपोषित. पण क्षयाच्या रांगेत पोटभर जेवणारे असे कितीसे सापडतात? आणि जनुक तर त्या यादीत नाहीच. मात्र ब-६ च्या मोठ्या डोसानेही नसा बिघडतात, म्हणून दुकानातून मनाने आणलेली जबर ताकदीची गोळी नको. क्षयाची गोळी तर एक दिवसही चुकवायची नाही.

मला जास्त लागतं ते न विचारणं. गोळ्यांचं पाकीट हातात देताना वजन, खोकला, ताप विचारतात. पाय जळतात का, चप्पल निसटलेली कळते का, हे दर महिन्याला विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही. आग पायांतून हातांत चढली आणि बोटांची टोकं बधिर झाली, तर विडीचं तोंड दुमडायचं कसं? हजार विड्यांवर मजुरी मिळते, आजारपणावर नाही.

मावशींना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. क्षयाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सोबत ब-६. काशाची वाटी सुनेने अजून फळीवर ठेवलेली नाही.